माझी सीट व्हरांड्यात आहे

दोष मालकाचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच इंजिनावर, नशिबावर किंवा त्याच्या वयावर खापर फोडत बसणार नाही.

मी त्याची गाडी बोलतेय. पूर्वी आभाळी रंगाची होते, आता काळी आहे. गोल दिवे, चार दारं, आणि पुढे एकच लांब सीट, या दारापासून त्या दारापर्यंत. म्हणजे होती. ती आता व्हरांड्यात आहे आणि मी अंगणात. असं का झालं ते सांगते.

मला घेतलं मालकाच्या वडिलांनी. त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचं तर एवढंच, की तेलपाणी वेळेवर घालायचे. बाकी मला फिरायला घेतलंच नव्हतं, शेजाऱ्यांना दाखवायला घेतलं होतं. कारखान्यातून येताना सीटवर जे प्लास्टिक होतं, ते त्यांनी कोणाला काढू दिलं नाही. उन्हात बसलं की मांड्या चिकटायच्या, उठताना चर्र आवाज यायचा. काढूया म्हटलं की उत्तर ठरलेलं, सीट खराब होईल. अहो, सीट बसण्यासाठीच असते. पण मोठ्या माणसांची ही खोडच आहे. वस्तू जपायच्या आणि माणसांना चटके द्यायचे.

मालक तेव्हा विशीतला, कारखान्यात लेथ मशीनवर नुकताच लागलेला. सुट्टीच्या दिवशी वडील दुपारचे आडवे झाले की किल्ली घेऊन सटकायचा. आवाज नको म्हणून मला न्यूट्रलमध्ये टाकून गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत न्यायचा. तिथे ती उभी असायची. ती टेलरच्या दुकानात शिवायला होती आणि गळ्यातली टेप काढायला हमखास विसरायची. मग आम्ही तिघं घाटावर जायचो. वर रस्ता जिथे रुंद होतो, तिथे मला कडेला लावून दोघं खालचे दिवे लागायची वाट बघायचे.

निघताना ती दाराशी बसायची. पहिल्या वळणाला मध्यावर यायची, दुसऱ्या वळणाला त्याच्या खांद्यावर. वळणच तसं आहे म्हणायची. वळण कुठल्याही बाजूला असो, ही आपली त्याच्याच बाजूला सरकायची. लांब सीटचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर हे सांगा.

लग्न होऊन घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने कात्रीने ते प्लास्टिक टराटरा कापून काढलं. सासरे काही दिवस बोलले नाहीत. घरात सगळ्यांना जरा बरं वाटलं. मग तिने सीटला खोळ शिवायला घेतली, राखाडी जाड कापड, कडेला निळी पट्टी. माप दोनदा घेतलं. एकदा रिकाम्या सीटचं, एकदा मालकाला वर बसवून.

"सीट तीच आहे ना? दोनदा कशाला?" तो म्हणाला.

"माणूस बसला की कापड ताणतं. रिकाम्या सीटचं माप काय कामाचं?"

हे वाक्य मी जपून ठेवलं. त्याने ठेवलं नाही.

पुढे मुलगी झाली. ती दोघांच्या मधे बसायची आणि गिअर टाकायला मधे मधे करायची. तापट म्हणून बापाने नाव ठेवलं ठिणगी. ठिणगी इंजिनिअरिंगला गेली आणि तिसऱ्या वर्षी सोडून आली. म्हणाली, तिथे वेल्डिंग फळ्यावर शिकवतात. मग जाळ्या आणि फाटकं बनवणाऱ्या एका कारखान्यात लागली आणि खरोखरचं वेल्डिंग करायला लागली. बापाला लाज वाटली. स्वतः जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस, पण मुलीचे भाजलेले हात दिसले की मान खाली. नातेवाइकांनी विचारलं की सांगायचा, सध्या सुट्टीवर आहे. कॉलेजने एवढी लांब सुट्टी कोणाला दिल्याचं मी तरी ऐकलं नाही.

दरम्यान मी म्हातारी झाले. डिकीत उंदरांनी संसार मांडला, दाराखाली गंज चढला. घरात कोणी कुठे जायचं झालं तर रिक्षा किंवा टॅक्सी बोलवायची. मला वर्षातून दोनदा पुसायचे, जुन्या फोटोची काच पुसतात तशी.

मग बाई, म्हणजे मालकाची बायको, जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मालकाला समोर बसवून सांगितलं, खाली खोल बसायचं नाही, कमरेत वाकायचं नाही, पाय उंच उचलून कशावरून टाकायचा नाही. बाहेर टॅक्सी उभी होती, पण तिची सीट एवढी खाली की बाईला बसवेना. ठिणगी घरी धावली, शेजाऱ्याच्या बॅटरीवर मला चालू केलं आणि घेऊन गेली. जाताना आईच्या पेटीतला अस्तराचा गुळगुळीत तुकडा उचलला आणि सीटवर अंथरला. बाई पाठमोरी टेकली, अस्तरावरून सुळकन आत सरकली आणि मग दोन्ही पाय एकदम आत घेतले. कुठे दुखलं नाही.

"मला हीच गाडी बरी," ती म्हणाली.

मालक मागच्या सीटवर होता. त्याच्या कानावर पडलं, पण त्याने ऐकलं नाही.

कारण पुढच्याच चौकात मी बंद पडले. मागून हॉर्न, पुढून हॉर्न. मालक उतरून ढकलायला लागला आणि नेमका त्याचा मित्र नव्या गाडीतून गेला. या मित्राला पोटाच्या घेरावरून सगळे टायर म्हणतात. टायरने काच खाली करून विचारलं, "काय रे, गाडीला फिरायला नेलंस की काय?" एवढंच. पण पुरुषाला आयुष्यभर पुरेल एवढा अपमान सात शब्दांत मावतो.

घरी आल्यावर मालक बाईला म्हणाला, "तू चालायला लाग, आपण घाटावर जाऊ. या खटाऱ्यातून नाही. हिची अशी गाडी करतो की तू बघत राहशील."

"बघत कशाला राहू? बसायचंय मला," बाई म्हणाली.

तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

नोकरीतून तो नुकताच मोकळा झाला होता. मला मागच्या शेडमध्ये घेतलं, चाकं काढली, ठोकळ्यांवर ठेवलं. एक खोटं बोललं की ते झाकायला दुसरं बोलावं लागतं, तसं झालं. माझं इंजिन दमलं होतं म्हणून दुप्पट ताकदीचं आणलं. टायर म्हणाला, एवढ्या ताकदीने जुना पत्रा पिळवटून निघेल. म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा आला, शर्यतीच्या गाड्यांना असतो तसा. पिंजऱ्याला डोकं आपटायला लागलं, म्हणून सीट खाली घ्यायची ठरली. लांब सीट खाली बसेना, म्हणून ती काढून दोन खोलगट सीटा आल्या, सुपासारख्या, दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या. प्रत्येक पायरी बरोबर होती. तो चुकीच्या जिन्यावर चढत होता, एवढंच.

एक कबूल करते, ते दिवस वाईट नव्हते. पिंजऱ्याच्या जोडाला एकाही वेल्डरचा हात त्याला पसंत पडेना. शेवटी तो मुलीच्या खोलीच्या दाराशी जाऊन खाकरला आणि म्हणाला, जरा येतेस का. कॉलेज सोडल्यापासून त्याने तिला काही मागितलेलं हे पहिलंच. ती जेवण अर्धं टाकून आली. तिने पाइप जोडले, त्याने लेथवर बुश, म्हणजे जोडाच्या लोखंडी कड्या, कातले. तिने घातलेली जोडाची रेघ तो अंगठ्याने चाचपून बघायचा आणि काही बोलायचा नाही. त्याच्यात याला कौतुक म्हणतात. बाई काठी टेकत चहा घेऊन शेडच्या दाराशी यायची आणि दोघांना बघत उभी राहायची. जुनं गाणं गुणगुणायला लागला होता तो. त्याचे हात सुखात होते, हे माझ्या पत्र्याला कळायचं.

मग दाराचा पाइप आला. पिंजऱ्याचा एक पाइप दारातून आडवा जातो, मांडीच्या उंचीवर. आत जायचं तर त्याच्यावरून पाय टाकून, खाली खोल उतरायचं. ठिणगीने वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला.

"बाबा, आई बसणार कशी?"

"बसेल की. पाय उचलायचा, आत यायचं."

"तिला पाय उचलायचाच नाहीये. तुमच्यासमोर सांगितलंय डॉक्टरांनी."

त्याने चष्मा काढला. उत्तर नसलं की मोठी माणसं काय करतात ते तुम्हालाही माहीत आहे. "स्वतःचं कॉलेज पुरं करता आलं नाही, आणि मला शिकवतेस?"

ठिणगीने हातमोजे काढून माझ्या बॉनेटवर ठेवले. जाताना भंगारात टाकलेली माझी लांब सीट तिने ओढत नेली, व्हरांड्यात विटांवर पक्की बसवली आणि परत शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. दाराचा पाइप दुसऱ्याने जोडला. मालक नव्या खोलगट सीटमध्ये शिरून बघायचा, निघून बघायचा. शिरताना त्याचेही गुडघे वाजायचे, पण ते त्याला इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हते. कोणी विचारलं की म्हणायचा, सगळं हिच्यासाठीच चाललंय.

एका सकाळी मला अंगणात आणलं. काळा चकचकीत रंग, रुंद चाकं, जमिनीला टेकलेली हनुवटी. सुरू केलं तर खिडक्यांच्या काचा थरथरल्या. टायर आणि मंडळी गोळा झाली, फोटो निघाले. बाई नवा ड्रेस घालून बाहेर आली. घाटासाठी तिने तो मुद्दाम शिवला होता. मालकाने दार उघडलं, अगदी पूर्वी उघडायचा तसं.

ती पाठमोरी वळली, टेकायला गेली, आणि पाइप मांडीला मागून लागला. पुन्हा वळून तिने आत बघितलं. पाइपावर हात ठेवला. मग ठिणगीकडून टेप मागून घेतली आणि शांतपणे माप घेतलं, पाइप किती उंच, सीट किती खोल.

"कोणाचं माप घेतलं होतंत?" तिने विचारलं.

"माझं. दर वेळी स्वतः बसून बघितलंय."

"तुमच्या बाजूला. माझ्या बाजूचं रिकाम्या सीटचं घेतलंत."

टायर पुढे झाला. "वहिनी, त्यात काय? आम्ही उचलून बसवतो."

"मी शिलाईचं मशीन नाही, उचलून ठेवायला."

"तुझ्यासाठीच केलं गं," मालक म्हणाला.

"मग मला विचारायचं होतं."

ती चिडली नव्हती, हेच वाईट होतं. ती व्हरांड्यात गेली आणि माझ्या लांब सीटवर बसली, पूर्वीच्या जागी, दाराच्या बाजूला. मधली आणि पलीकडची जागा मोकळी. तो गेला असता तर बसला असता. पण मंडळी उभी होती, आणि हा माझं बॉनेट उघडून उगाच काहीतरी तपासत राहिला.

ठिणगी कारखान्याचा माल नेणारा टेम्पो घेऊन आली. टेम्पोची सीट उंच, लांब, या दारापासून त्या दारापर्यंत. तिने अस्तराचा तुकडा अंथरला, आईला पाठमोरं टेकवलं, आत सरकवलं. "बाबा, येताय?" असं तिने विचारलं, हे मी ऐकलंय. तिघं मावली असती. तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी हिला घेऊन येतो.

घाटात आम्ही टेम्पोच्या मागे लागलो. टेम्पो पहिल्या गिअरमध्ये कुरकुरत चढत होता आणि मागे मी, दुप्पट ताकदीची. ओलांडायला जागा नाही, आणि ओलांडून तरी जायचं कुठे? मला वाऱ्यावर पळायला बनवलं होतं, गोगलगाईच्या मागे चालायला नाही. तापमानाचा काटा लालवर गेला. दुसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ आली आणि मी उभी राहिले.

टेम्पोच्या मागच्या काचेतून आम्हा दोघांनाही दिसलं. बाई सरकत सरकत मुलीच्या खांद्यावर टेकली होती. वळण उलट्या बाजूला होतं.

मग टेम्पो दिसेनासा झाला. मालक दगडावर बसून राहिला. खालचे दिवे लागल्यावर त्या दोघी परत आल्या. बाईने काच खाली करून विचारलं, "तापली का?" तो हो म्हणाला. "निवू द्या. घाई करू नका. मी चहा ठेवते," ती म्हणाली, आणि ठिणगीने पाण्याचा कॅन खाली उतरवून दिला. दोघींपैकी कोणी टोमणा मारला नाही. मारायला हवा होता.

आता मी अंगणात असते. तो रविवारी मला सुरू करतो, थोडा वेळ ऐकतो, बंद करतो. दाराच्या पाइपावर ठिणगीने खडूने एक रेघ मारून ठेवलीय, इथून कापायचं. "सांगा फक्त," म्हणते. तो म्हणतो, पाइप कापला तर एवढ्या इंजिनाला पत्रा धरणार नाही. खोटं नाही ते. पण मग इंजिन काढ ना बाबा. मला जुनं दमलेलं दे, चौकात बंद पडू दे, टायरला हसू दे. माझी सीट मला परत दे. मला पळायची हौस कधीच नव्हती, तुलाच होती. पावसाने खडू पुसला की ठिणगी परत रेघ मारते. तो रेघेकडे बघतो आणि फडक्याने तिच्या आजूबाजूचं पुसतो.

बाई व्हरांड्यात माझ्या सीटवर बसून शिवते. घाटाबद्दल परत काही बोलली नाही. जाऊन आली ना ती.

त्याची बायको घाट चढून वर गेली, आणि तो तिच्या शेजारी नव्हता. एवढी किंमत पडली त्याला.