धुतलेले पाय

मी एक जुनं तांब्याचं घंगाळ आहे. सध्या चर्चच्या दारापाशी काचेच्या कपाटात असतो, अगदी चकचकीत. येणारी-जाणारी माणसं म्हणतात, "वा, काय जपलंय!" जपलंय कसलं, डांबून ठेवलंय.

बालमित्रांनो, मला एका तापट तांबटाने घडवलं. तीन दिवस तो पत्रा ठोकत होता आणि ठोक्यागणिक बायकोला काहीतरी ऐकवत होता. बायकोही काही कमी नव्हती. "तोंड आवरा आणि हातोडा चालवा," म्हणायची. त्या भांडणात माझी एक कडी जरा वाकडीच बसली. म्हणून मी स्वस्तात गेलो, आणि चर्चमागच्या निवाऱ्यातल्या मोठ्या सिस्टरच्या हाती पडलो.

निवारा म्हणजे दोन लांब खोल्या, वीस खाटा आणि एक चूल. ज्यांना घर नाही ते तिथं येत. सिस्टर रोज सकाळी माझ्यात कोमट पाणी ओतायची, मूठभर मीठ टाकायची आणि आलेल्यांचे पाय धुवायची. फोड, जखमा, रस्त्याचा चिखल, काय काय यायचं माझ्यात! कुणी पाय मागे घेतला की ती खेकसायची, "लाजतोस काय? पाय आहेत ते, पाप नव्हे!" माझं बूड काळं पडलं, पोटाला पोचे आले. मला कुणी वाखाणलं नाही. पण सुखाचे दिवस विचाराल तर तेच.

एका हिवाळ्यात सीमेपलीकडून एक गवंडी आला. सोबत बायको आणि पाच वर्षांची मुलगी. तिकडे त्यांच्या गावात गोळीबार चालला होता, म्हणून नेसत्या कपड्यांनिशी निघालेले. सिमेंटने त्याच्या टाचा अशा फुटल्या होत्या की सिस्टरला पंधरा दिवस लागले. बरा झाल्यावर तो गप्प बसेना. निवाऱ्याच्या पडक्या भिंती लिंपायला लागला. मुलगी दुपारी माझ्यात बसून होडी चालवायची. मला फार आवडायचं ते.

आमच्या देशाचे जे प्रमुख होते, त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. गळ्यात क्रूस, भाषणाच्या सुरुवातीला येशूचं नाव, शेवटी येशूचं नाव. आणि मधे काय? मधे एक नवा कायदा होता. कागद नसलेल्या परक्यांना परत पाठवायचं, आणि त्यांना थारा देणाऱ्याच्या दाराला कुलूप. लोक टाळ्या वाजवायचे.

येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी साहेब स्वतः बारा गरिबांचे पाय धुणार, असं ठरलं. साहेबांचे सचिव निवाऱ्यात आले. मला पाहून म्हणाले, "हे फोटोत छान दिसेल." मग वही उघडून बारा जणांची माहिती लिहायला बसले. नाव, वय, मूळ गाव, कागदाचा नंबर.

गवंडी मागे सरला. "सिस्टर, माझं नाव नको. आपण कुणाच्या नजरेत न आलेलं बरं."

"अरे वेड्या," सिस्टर म्हणाली, "ज्याचे पाय आपल्या हाताने धुतले, त्याला कोण हाकलेल? एकदा त्यांनी तुझा पाय हातात घेतला की तू सुटलास."

चाळीस वर्षं पाय धुतलेली बाई ती. तिने एकालाही दाराबाहेर काढलं नव्हतं. एकाच माणसाच्या हातून ही दोन्ही कामं होऊ शकतात, हे तिच्या डोक्यातच येईना. तिने गवंड्याचं नाव सांगितलं. नंबराचा रकाना कोरा राहिला.

गुरुवारी मला लिंबू-मिठाने घासून लख्ख केलं. त्या बारा जणांनाही मागच्या दाराशी नेऊन, साबणाने पाय घासून, नखं कापून आणलं. साहेबांसमोर घाण नको ना! म्हणजे माझ्यात आले ते धुतलेले पाय. मला हसू आवरेना.

साहेब गुडघ्यांवर बसले. गवंड्याचा पाय त्यांनी हातात घेतला, तेव्हा तो हळूच म्हणाला, "साहेब, आम्हाला राहू द्या इथं. पोर लहान आहे." साहेबांनी ऐकलं. मी मधेच होतो, मला ठाऊक आहे. त्यांचे डोळे भरून आले आणि दोन थेंब माझ्यात पडले. मित्रांनो, ते अश्रू खरे होते. हेच माझ्या पचनी पडत नाही. नाटक असतं तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. त्यांनी त्या पायाचं चुंबन घेतलं आणि म्हणाले, "देव तुझ्या पाठीशी आहे."

मंगळवारी भर दुपारी गाडी आली. अधिकाऱ्याच्या हातात सचिवांच्याच वहीतली यादी होती. कोऱ्या रकान्यापुढचं नाव त्याने वाचलं. कुणाला शोधाशोध करावीच लागली नाही. गवंड्याच्या हातात थापी होती, भिंत ओली होती. बायको गयावया करू लागली, "अहो, साहेबांना फोन लावा. त्यांनीच पाय धुतलेत यांचे!"

"त्यांच्याच सहीने आलोय, बाई," तो म्हणाला. चिडून नाही, दमून म्हणाला.

मुलीच्या एकाच पायात बूट होता. दुसरा घालायला वेळ दिला नाही. संध्याकाळपर्यंत उरलेल्यांनाही बाहेर काढून निवाऱ्याला कुलूप घातलं. सिस्टर पायरीवर बसून एकच बोलत होती, "मीच नाव दिलं. मीच दिलं." तिने सीमेपलीकडे तीन पत्रं टाकली. तिन्ही परत आली.

मला मात्र काचेचं कपाट मिळालं.

पुढच्या वर्षी पुन्हा तो गुरुवार आला आणि मला कपाटातून बाहेर काढलं. या खेपेला बाराही जणांचे कागद आधीच तपासले होते. सिस्टरला बोलावलं नव्हतं, तरी ती आली. सगळ्यांदेखत तिने विचारलं, "साहेब, मागच्या वर्षीचा गवंडी आठवतो का?"

साहेबांनी ओल्या हातांनी तिचे हात धरले. "आठवतो ना, सिस्टर! रोज प्रार्थना करतो मी त्याच्यासाठी."

लोकांनी डोळे पुसले. सिस्टरने हात सोडवून घेतले आणि ती निघून गेली. त्यानंतर ती कधी चर्चमध्ये दिसली नाही. साहेब पुढच्या पायाकडे वळले.

मित्रांनो, शाळेच्या निबंधात माझ्यासारखं भांडं शेवटी म्हणतं, माझी निगा राखा. मी तसं म्हणणार नाही. माझी निगा नको तेवढी राखली जाते. मला एवढंच कळतं, की पाय धुऊन झाल्यावर माणसाला आत जायला एक उघडं दार लागतं. हे तुम्ही मोठेपणी ध्यानात ठेवाल का? साहेबही कधीतरी तुमच्याएवढेच होते, म्हणून माझा भरवसा बसत नाही.