घोरपड कोणाच्या मांडीवर

रूपेशला त्या घोरपडीत सोसायटीचं अध्यक्षपद दिसत होतं. निवडणूक रविवारी होती, आणि शेलूच्या नव्या इमारतींत प्राणिप्रेमाला मतं बरी पडतात. म्हणून फाटकाशी बाइकखाली पाय चिरडलेली घोरपड दिसताच त्याने आधी व्हिडिओ काढला, मग वनखात्याला आणि प्राणिमित्रांना फोन लावले. पहिला म्हणाला, हद्द आमची नाही. दुसरा म्हणाला, गाडी बाहेर गेलीय. तिसरा म्हणाला, खोक्यात घालून कर्जतला आमच्या डॉक्टरांकडे आणा.

आणायची तर हात लावायला हवा. रूपेशने सोसायटीच्या माळ्याला, शेजारच्या आदिवासी वाडीतल्या शुक्राला, हाक मारली.

“तू वाडीतला. तुला धरता येते ना?”

“येते, म्हणून तर धरत नाय. वाडीवाल्याच्या हातात घोरपड दिसली, की खायलाच नेली म्हणतात. तुमचा व्हिडिओ, आन् माझी केस!”

“अरे, तिचा जीव चाललाय!”

“मंग मी भरून देतो. पन मांडीवर तुमी घ्या. तुमचं तोंड दिसंल असं शूटिंग मी करतो.”

कोंबडीवाले बद्रुद्दीनचाचा टेंपोत रिकामा क्रेट ठेवत म्हणाले, “बसा साहेब. या क्रेटातनं उतरून जगणारी ही पयलीच.”

घोरपड जगली. रूपेश निवडून आला. शुक्राचा दिवसाचा खाडा झाला, चाचांचा क्रेट डॉक्टरांकडेच राहिला. रूपेशची तेवढी पँट खराब झाली. ती त्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या शुक्राच्या बायकोने, पारूने, धुतली.