हळदीचे बोट आणि माझी जाळी

मित्रांनो, फडताळातला हा काळा डबा म्हणजे मी, एक म्हातारा कॅमेरा. माझा जन्म नागापूर गावातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. साधा कॅमेरा तीन रंगांवर भागवतो. मी मात्र पानावरून येणाऱ्या उजेडातले कितीतरी रंग टिपतो, तुमच्या डोळ्यांना न दिसणारेसुद्धा. त्यासाठी मी रंगागणिक वेगळा फोटो काढत नाही. माझ्या पोटात रांगोळीच्या छाप्यासारखी बारीक भोकांची जाळी आहे. तिच्यातून सगळे रंग एकमेकांवर सांडतात आणि एकच गिचमीड फोटो निघतो. कोणते भोक कुठे आहे हे संगणकाला ठाऊक असते. त्यावरून तो एकेक रंग सोडवून चित्र पुन्हा उभे करतो.

सोनईच्या निकिताने मला डाळिंबाच्या बागांतून फिरवले. पानावर डाग पडण्याआधीच मी रोग दाखवी. लोक कौतुकाने माझ्याभोवती जमत.

एका खंडेनवमीला निकिताने झाकण उघडून माझी धूळ झटकली होती. तेवढ्यात तिच्या सासूबाई, मुक्ताबाई, पूजेचे ताट घेऊन आल्या. विळ्या-कोयत्यांबरोबर त्यांनी मलाही भक्तिभावाने हळदीचे बोट लावले, ते थेट जाळीवर. कोणाच्या लक्षात आले नाही.

पुढे त्यांच्याच बागेत मी ओळीच्या ओळी तेल्या रोगाने भरलेल्या दाखवल्या. लेकरांसारखी वाढवलेली ती झाडे. मुक्ताबाई कुऱ्हाड घेऊनच आल्या.

"शेजारच्यांच्या बागा जायला नगं. तोडायचीच."

निकिताने फोटो पुन्हा निरखला. कडेला तिची दुचाकी उभी होती. तीही रोगट!

"आई, थांबा! गाडीलापण तेल्या झालाय."

"व्हय? मग तिलाबी तोडू? लई पेट्रोल पिती." पण कुऱ्हाड खाली आली.

मला उघडताच जाळीवर हळद दिसली. बुजलेली भोके संगणक अजून उघडीच धरत होता, म्हणून रंग चुकत होते. मुक्ताबाई ओशाळल्या. "आन इकडं, पदरानं पुसते."

"नको आई, जाळी फाटेल. आता हा जसा आहे, तसाच ओळखून घेऊ."

तिने मला पांढरा कागद दाखवला. कोणती भोके बुजली, हे संगणकाला नव्याने कळले. मग बागेचे फोटो पुन्हा काढले. झाडे निरोगी निघाली. बांधाकडचे एक तेवढे खरेच आजारी होते. ते मुक्ताबाईंनी जड हाताने काढले. बाकीची बाग वाचली.

मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या पुसून ठेवू नका. वयाबरोबर आमची काही भोके बुजतात. नवेपणाच्या मापाने मोजलेत, तर आम्ही खोटे ठरू. आज आम्ही कसे आहोत, एवढे आधी पाहून घ्या. उरलेल्या भोकांतूनही आम्ही खरे तेच सांगू.