श्वास एक, उच्छ्वास दोन

मित्रांनो, टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात वेटोळे करून पडलेला मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. माझी नळी आता तडकली आहे. मी आयुष्यभर फक्त ऐकले, केले काहीच नाही. म्हणून माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री वाटत नाही. तरी सांगतो.

कारखान्यात माझ्या चकतीवर पातळ पडदा बसवला गेला आणि मला ऐकू येऊ लागले. तिथून मी जनावरांच्या डॉक्टरांकडे आलो. माणसांच्या डॉक्टरांना ‘कुठे दुखतंय?’ असे विचारता येते. आमच्याकडे ती सोय नव्हती. डॉक्टर आधी माझी चकती तळहातावर चोळून ऊबदार करत आणि मगच ती केसाळ छातीला लावत. ती ऊब मला अजून आठवते.

एकदा निवृत्त भाषाशिक्षिका असलेल्या एक बाई आपल्या कुत्र्याला लस टोचायला घेऊन आल्या. घरात त्या आणि तो, दोघेच. कुत्रा ठेंगणा, पांढरा, दहा वर्षांचा. नाव बोका.

“कुत्र्याचं नाव बोका?” डॉक्टर हसले.

“लहानपणी दुधाचं पातेलं चाटूनपुसून ठेवायचा. नाव त्यानं स्वतः कमावलंय,” बाई म्हणाल्या. “हल्ली मात्र खोकतो जरा.”

डॉक्टरांनी मला बोकाच्या डाव्या कोपरामागे टेकवले. हृदय ‘लब-डब’ वाजते, आणि लब व डब यांच्यामध्ये शांतता असते. बोकाच्या छातीत तिथे ‘सुर्र’ असा आवाज होता. आधी मला वाटले, माझीच नळी केसांना घासत असेल. पण डॉक्टरांनी डोळे मिटून पुन्हा ऐकले.

“बाई, हृदयात एक झडप असते. दारासारखी. ह्याचं दार जुनं झालंय, घट्ट लागत नाही. रक्त थोडं मागं येतं.”

एक्स-रे झाला, हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदय मोठे झाले होते. झडप बरी होणार नव्हती, पण हृदयाला बळ देणाऱ्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ दिल्या तर बोका बराच काळ सुखात राहणार होता. “आणि तो गाढ झोपला की मिनिटभर श्वासोच्छ्वास मोजा,” डॉक्टरांनी बजावले. “तिसाच्या वर गेले तर तडक या. फुप्फुसात पाणी साठायला लागल्याची ती खूण असते.”

चौथ्याच दिवशी बाई धापा टाकत आल्या. “चव्वेचाळीस, डॉक्टर!”

बोका मात्र शेपटी हलवत माझी नळी चावू पाहत होता. छाती स्वच्छ होती. डॉक्टरांनी विचारले, “मोजलंत कसं?”

“श्वास एक, उच्छ्वास दोन, श्वास तीन...”

डॉक्टर खो खो हसले. “अहो, दोन्ही मिळून एकच धरायचं! म्हणजे बावीस.”

“शब्द दोन आहेत,” बाई कडक आवाजात म्हणाल्या. “चूक तुमच्या वाक्यात आहे.” पण त्यांचे कान लाल झाले होते.

त्यानंतर त्या नीट मोजू लागल्या. वहीत वीस, बावीस, एकवीस असे आकडे सुवाच्य अक्षरात उतरत गेले. एकदा त्यांनी मला स्वतःच्या कानाला लावून ती सुर्र ऐकली. “चिंचेसारखं गाभुळलेलं, मऊ पडलेलं हृदय आहे माझ्या बाळाचं,” असे काहीसे पुटपुटल्या आणि मला हळूच खाली ठेवले.

काही महिन्यांनी, एका दुपारी, त्या पुन्हा आल्या. बोका त्यांच्या कडेवर होता. मान ताणलेली, जीभ निळसर. मी छातीला लागताच मला वाळका कागद चुरगळल्यासारखा आवाज आला.

“कधीपासून?”

“सकाळी चव्वेचाळीस मोजले.” बाईंनी वही पुढे केली. “नीटच मोजले होते. पण तोच आकडा दिसला, आणि वाटलं, पुन्हा तीच चूक केली मी. निम्मे केले. बावीस लिहिलं वहीत. तुम्ही पुन्हा हसाल म्हणून...”

डॉक्टर हसले नाहीत. पाणी उतरवणारे इंजेक्शन दिले, ऑक्सिजन लावला. दर थोड्या वेळाने ते मला तळहातावर चोळत आणि बोकाच्या छातीला लावत. कागदाचा आवाज विरळ होत गेला. संध्याकाळी बोकाने मान खाली टेकवली आणि तो झोपला.

“चूक माझ्या हसण्याची होती, बाई,” डॉक्टर म्हणाले. “चुकीचा आकडा घेऊन शंभरदा या. पण या.” मग त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले : ‘छाती वर आली की एक.’

पाणी उतरवणारी गोळीही रोजची झाली. बोका आणखी सव्वा वर्ष जगला. शेवटी एकदा बाई एकट्याच आल्या, वही टेबलावर ठेवली, आणि माझ्या चकतीवरून बोट फिरवून निघून गेल्या.

आता डॉक्टर थकले आहेत. नव्या डॉक्टरीणबाईंकडे नवे यंत्र आहे, माझ्याहून चांगले ऐकणारे. मी खणात त्या वहीशेजारी असतो. लब आणि डब यांच्यामध्ये शांतता असावी, असे मला नेहमी वाटे. आज माझ्याभोवती सगळी शांतताच आहे, आणि मला ती सुर्र हवी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा म्हातारा कुत्रा झोपला असेल, तर त्याच्याजवळ मिनिटभर बसा. शंका आली तर विचारायला लाजू नका. आणि कोणी विचारायला आले तर हसू नका. मोजणे अवघड नाही. छाती वर आली की एक.