इंजिनापुढचा बेसिल

पप्पाने त्या शुक्रवारी दोनदा दाढी केली. एकदा सकाळी मस्कतच्या रुवी भागातल्या चर्चला जाण्याआधी, आणि एकदा मिस्सा आटपून घरी आल्यावर.

"बेसिल, गाल सोलून निघतील," मम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली. "पाहुणी येतेय, बिशप नाही."

"मुंबईची गोष्ट विचारायला येतेय ती. एवढ्या लांबून."

"इथल्याच कुरुमहून येतेय," मी म्हणाले. "मावशीकडे सुट्टीला आलीय. टॅक्सी करून येणार, त्यात लांब काय?"

पप्पाने ऐकलंच नाही. त्याने कपाटातून निळा शर्ट काढला. ईस्टरचा.

आता हा शर्ट काय आहे ते सांगते. फेब्रुवारीत माझ्या वादविवाद स्पर्धेची फायनल होती, मस्कतमधल्या सगळ्या इंडियन स्कूल्सची. आठवीपर्यंत जिला वर्गात हजेरी देतानाही घाम फुटायचा, ती सॅन्ड्रा तुस्कानो, म्हणजे मी, पहिली आले. पप्पा बघायला आला होता, पण अझैब्याच्या गोदामातून थेट, खाकी युनिफॉर्ममध्ये, बुटांवर टाइल्सची पांढरी भुकटी घेऊन. तो तिथे स्टोअरकीपर आहे. कप हातात घेऊन मी स्टेजवरून उतरले तर म्हणाला, "झालं? जेवलीस का?" एवढंच. आणि आज एका अनोळखी मुलीसाठी ईस्टरचा शर्ट, वर इस्त्री.

ती अंतरा. पुण्यात इंजिनिअरिंग शिकते आणि तिला रेल्वेचं वेड आहे. साधंसुधं नाही. मुंबईच्या पूर्वेला गोदीपासून गोदामांपर्यंत मालगाड्यांची एक छोटीशी लाइन होती, भर वस्तीतून, रस्ते ओलांडत जाणारी. कापूस, धान्य, कोळसा असलं काय काय न्यायची. ती बंद पडली, रूळ डांबराखाली गेले, आणि मग तिच्यावर प्रेम करणारी माणसं निघाली. त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुठल्या गोदामाच्या दाराशी अजून वीतभर रूळ दिसतो ते शोधून काढतात, फोटो टाकतात, आणि बाकीचे खाली हृदयं टाकतात. त्यातल्या कुणीतरी एक जुना, बाजूने काढलेला व्हिडिओ टाकला. रस्त्यातून इंजिन येतंय, गाभण म्हशीसारखं हळूहळू, आणि त्याच्यापुढे एक काटकुळा माणूस हातात निशाण घेऊन चालतोय. माझ्या चुलतभावाने, वसईच्या ग्लेनदादाने, तो आम्हाला पाठवला. खाली लिहिलं होतं, हा आपला बेसिलकाका ना?

होता. पप्पा तिथे कंत्राटावर होता. गाड्या कमी होत गेल्या, कंत्राट संपलं, मामाने व्हिसा काढला आणि पप्पा मस्कतला आला. मी तेव्हा दुपट्यातून नुकती बाहेर पडले होते. त्या दिवसांबद्दल पप्पाने आम्हाला कधी काही सांगितलं नव्हतं. विचारलं तर "रेल्वेत होतो" म्हणायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा. मला वाटायचं, तिकिटं तपासत असेल.

ग्लेनदादाने त्याला त्या ग्रुपमध्ये घातलं आणि खलास.

एरवी पप्पा घरी बोलतो ते असं : "पाणी." "लाइट घालव." "बाय, अभ्यास." तोच माणूस शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, बाल्कनीत बसून, फोन तोंडाशी धरून लांबच्या लांब व्हॉइस मेसेज पाठवायला लागला. मध्येच हसायचा. "अगं अंतरा, तुला काय सांगू," असं सुरू करायचा. मी आतून ऐकायचे. मला आयुष्यात एकदाही "तुला काय सांगू" मिळालं नव्हतं. मला ती रेल्वे नको होती, गोदी नको होती. मला तो आवाज हवा होता. आमच्या घरात होता इतकी वर्षं, कुठेतरी ठेवलेला, आणि आता दर शुक्रवारी पुण्याला जात होता.

तर मी ठरवलं होतं की ती आवडायची नाही. पण दार उघडलं तर ती घामाघूम, हातात बाकरवडीचा पुडा, आणि तिने आधी मलाच मिठी मारली.

"तू सॅन्ड्रा. डिबेट जिंकलीस ना? काकांनी ग्रुपवर कपाचा फोटो टाकला होता. 'माझी पोरगी बोलायला लागली की ब्रेक लागत नाही,' असं लिहिलं होतं."

म्हणजे माझी फायनलसुद्धा त्यांच्याकडे गेली होती. मला फक्त "जेवलीस का" आलं होतं.

जेवायला सुरमईचं कालवण आणि भात होता. अंतराने हाताने खाल्लं, दुसऱ्यांदा भात मागून घेतला, मम्मी लगेच विरघळली. मग अंतराने प्रश्न काढला.

"काका, त्या व्हिडिओतलं इंजिन कुठलं? आमच्या ग्रुपवर भांडण चाललंय. अर्धे म्हणतात जुनं निळं, अर्धे म्हणतात नंतर आलेलं हिरवं. व्हिडिओचा रंग इतका उडालाय की कळत नाही."

पप्पा काटा काढत होता, तो थांबला. "मला नाही माहीत."

"असं कसं? तुम्ही रोज होतात ना."

"अगं, ते मागे असायचं. मी पुढे. मला कुठलं दिसतंय."

मम्मीला हसू फुटलं. "एवढी वर्षं रेल्वेत, आणि इंजिन बघितलं नाही."

"सकाळी बघायचो की. जेवणाचा डबा इंजिनात ठेवायला जायचो तेव्हा," पप्पा म्हणाला. "पण तेव्हा डोक्यात डबा असायचा."

"आणि चालताना? कधी वळून नाही बघायचात?" अंतराने विचारलं.

"निशाणवाल्याने वळायचं नसतं." पप्पा खुर्चीत सरळ बसला. आणि आला, तो आवाज आला, आमच्या जेवणाच्या टेबलावर. "तो वळला की ड्रायव्हरला वाटतं काहीतरी गडबड आहे. ब्रेक मारतो. मागचे डबे एकमेकांवर आदळतात. म्हणून समोर बघायचं. हातगाडीवाला, पोरंबिरं, कुणी रुळावर सायकल लावून चहाला गेलेला. मागचं सगळं कानाने. इंजिन किती लांब आहे ते पाठीला कळतं. जवळ असलं की पाठ भरल्यासारखी वाटते. रेंगाळलं की पाठ मोकळी पडते, मग आपण पाऊल हळू टाकायचं. त्याला सोडून पुढे जायचं नाही."

मम्मीच्या हातातला डाव तसाच राहिला. तिने माझ्याकडे बघितलं.

कारण आम्ही दोघी कायम पप्पाच्या मागे. आमच्या दार्सैतच्या चढावर, चर्चच्या गर्दीत, सुपरमार्केटात, विमानतळावर. तो पुढे, ताठ, एकदाही मागे न बघता. आम्ही पिशव्या घेऊन त्याच्या पाठीकडे बघत चालायचो. "आपण हरवलो तर या माणसाला घरी पोचल्यावर कळेल," हे मम्मीचं ठरलेलं वाक्य. इथे लायसन्सच्या परीक्षेत पिंपांच्या मधून, मागे बघत गाडी उलटी घ्यावी लागते, त्यात पप्पा दर वेळी नापास. शेवटी मम्मी पास झाली आणि क्लिनिकची ड्यूटी सांभाळून आम्हा दोघांची ड्रायव्हर झाली.

"हे तू कधी बोलला नाहीस," मम्मी म्हणाली.

"तू कधी विचारलं नाहीस."

"लग्न केलं ना तुझ्याशी. आणखी काय विचारायचं असतं?"

अंतरा हसली. मीही हसले असते. म्हणजे बघा, इतकी वर्षं तो आमची पावलं ऐकत होता, ही केवढी चांगली बातमी. पण ती मला कुणाच्या प्रश्नातून मिळाली? स्वतःच्या बापाची गोष्ट दुसरीच्या ताटातून उचलून खाल्ल्यासारखं झालं. घास गोड होता, त्याचाच जास्त राग आला.

"मग आमचा आवाजही तुझ्या पाठीला कळतो का?" मी विचारलं. फायनलला वापरला होता तोच सूर लावला.

"तुझा तर खालच्या मजल्यालाही कळतो," पप्पा म्हणाला, आणि अंतराकडे बघून हसला. अंतराकडे.

जेवण झाल्यावर तिने हळूच मागणी केली. "काका, एकदा चालून दाखवाल? आमच्याकडे जे व्हिडिओ आहेत ते सगळे बाजूने किंवा मागून काढलेले. समोरून निशाणवाल्याचा एकही नाही. सगळ्यांनी इंजिनाचाच फोटो काढला."

"इथे कुठे इंजिन?"

"सॅन्ड्रा चालेल मागून."

"मी इंजिन होणार नाही," मी म्हणाले.

"नको होऊस. तू भोंगा हो," पप्पा म्हणाला.

मम्मी हात पुसत बाहेर आली. तिने किल्लीच्या खुंटीवरची किल्ली काढली. "माझी गाडी काय वाईट आहे? आणि ही पांढरी आहे, बेसिल. पुन्हा कुणी विचारलं तर लक्षात ठेव."

लादी पुसायच्या वायपरचा दांडा निघाला. हिरव्यासाठी एका टोकाला स्वयंपाकघरातला नॅपकिन. लालसाठी अंतराची नजर माझ्या खोलीच्या दारावर लटकलेल्या पट्टीवर गेली, शाळेतल्या रेड हाऊसच्या कॅप्टनची पट्टी, माझी. "ही चालेल का गं?" तिने विचारलं, आणि मी नाही म्हणेपर्यंत पप्पाने ती दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलीसुद्धा. गाठ अशी सफाईने मारली की मी ती बघतच राहिले.

बिल्डिंगच्या मागची गल्ली शुक्रवारच्या दुपारी रिकामी असते. मांजरी गाड्यांखाली, माणसं एसीखाली. अंतरा गल्लीच्या मध्यावर फोन धरून उभी राहिली. पप्पा गाडीपुढे जाऊन उभा राहिला. मम्मी स्टिअरिंगवर, मी शेजारी.

पप्पाने हिरवं दाखवलं आणि चालायला लागला. घाई नाही, रमतगमतही नाही. मम्मीने ब्रेकवरचा पाय थोडा उचलला आणि गाडी त्याच्यामागून सरकू लागली.

"एसीच्या आवाजात त्याला गाडी ऐकू येत असेल का?" मी म्हणाले.

मम्मीने एसी बंद केला. काचा खाली केल्या. गरम हवा आत आली आणि पप्पाच्या चपलांचा आवाजही. मग तिने मुद्दाम गाडी आणखी हळू केली. पप्पाचं पाऊल हळू झालं. तिने थोडा वेग दिला, त्यानेही. तिने गाडी थांबवली. दोन पावलं टाकून तोही थांबला. पाठ तशीच, मान समोर.

"हा माझं ऐकतो," मम्मी अगदी हळू म्हणाली. "शप्पथ, सॅन्ड्रा. हा माझं ऐकतो." तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि ती मला तिथे नसल्यासारखी पुन्हा ब्रेक सोडत होती.

समोरून नुमानची पिकअप आली. तो आमच्या भागात गॅसचे सिलिंडर पोचवतो, आणि गल्ली त्याच्या बापाची असल्यासारखा चालवतो. त्याने हॉर्न दिला. पप्पाने लाल वर केलं. नुमानने डोकं बाहेर काढलं.

"क्या बेसिलभाई, पुलिस में लग गये?"

निशाण तसंच वर. नुमान आणखी काहीतरी म्हणणार होता, पण त्याने पप्पाकडे बघितलं आणि पिकअप भिंतीला लावून इंजिन बंद केलं.

काय बघितलं त्याने? मला नुसती शर्टाची पाठ दिसत होती, घामाने गडद झालेली. नुमानला चेहरा दिसत होता. अंतराला दिसत होता. मम्मीला पाठ मिळाली होती आणि तिला ती पुरत होती. मला काय, तर सीटबेल्ट.

मी तो काढला, दार उघडलं आणि सरकत्या गाडीतून उतरले. मम्मी "अगं ए" म्हणाली. भिंतीच्या कडेने धावत मी पप्पाच्या पुढे गेले, आणि वळून अगदी त्याच्या समोर, वाटेत, उभी राहिले.

"सॅन्ड्रा, फ्रेममध्ये येतेयस तू," मागून अंतरा म्हणाली.

येऊ दे, म्हटलं.

पप्पा माझ्याकडे चालत येत होता. तो हसत नव्हता. बाल्कनीत बसून फोनशी बोलणारा पप्पाही तो नव्हता, आणि पाणी मागणारा तर नव्हताच. ओठ मिटलेले. उन्हाने डोळे बारीक केलेले, पण ते गल्लीच्या टोकापर्यंत जात होते, डावीकडच्या दारावर, उजवीकडच्या उभ्या गाडीखाली, परत मध्ये. तो मला ओळखीचा नव्हता. माझ्यापेक्षा थोडाच मोठा असावा असा वाटला. त्याच्यावर कशाचा तरी भार होता आणि त्याला तो आवडत होता.

त्याने मला पाहिलं. म्हणजे रस्त्यात कुणीतरी उभं आहे, हे पाहिलं. मोकळा हात कमरेपर्यंत उचलून त्याने बाजूला व्हायची खूण केली. रागावून नाही. हमाल असो, शेठ असो, शाळेतून परत येणारं पोर असो, ज्याला त्याला केली असेल तशी.

मी बाजूला झाले. पाठ भिंतीला टेकली, भिंत तापलेली होती.

तो माझ्यासमोरून गेला. मागून मम्मी गेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, त्याच्या पाठीवरून नजर न हलवता. टायरखाली बारीक खडी वाजत होती. पलीकडे नुमानने खिडकीबाहेरचं कोपर आत घेतलं. अंतरा फोन धरून उलट्या पावलांनी मागे मागे सरकत होती.

गाडी पुरती जाईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.