उलट्या जोडणीची कॉइल

मोटर वाइंडिंगमध्ये अप्पांचा हात धरणारं बाजारात कुणी नव्हतं. त्यांच्या दुकानाचा नियम कडक होता: दुरुस्त केलेली मोटर दुसऱ्याने तपासायची, चिठ्ठीवर सही करायची, मगच ती बाहेर जायची. स्वतःच्या वहीला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. तारे गुरुत्वाकर्षणाने नव्हे, विजेने आणि चुंबकाने फिरतात, असं तिच्यात पंधरा वर्षं लिहीत आले होते बिचारे. आणि उद्या वाचनालयात त्यावर भाषण!

"लोक हसतील हो अप्पा," शाळेत विज्ञान शिकवणारी लेक रडवेली झाली होती.

"अख्खी पृथ्वी खाली ओढत असताना एवढासा चुंबक खिळा उचलतो. सांगा बाई, जोर कुणाचा जास्त?"

"चुंबकाचाच. पण..."

"पणबिण काही नाही!"

भाषणात दाखवायला त्यांनी दोन कॉइल जोडल्या, मध्ये होकायंत्र ठेवलं आणि बटण दाबलं. सुई ढिम्म! अप्पांनी तारा चाचपल्या आणि त्यांचे कान लाल झाले. घाईत दुसरी कॉइल उलटी जोडली होती.

"वीज येत नव्हती का?" लेकीने विचारलं.

"येत होती की! दोन्ही तापल्यात बघ."

"मग जोर गेला कुठे?"

"जातोय कुठे? एकीने दुसरीचा खाल्ला..." अप्पा मध्येच थांबले.

लेक हळूच म्हणाली, "ताऱ्यातही धन आणि ऋण वीज जवळजवळ सारखीच असते, अप्पा. लांबवर दोन्ही एकमेकींचा जोर खाऊन टाकतात. गुरुत्वाकर्षण दुबळं खरं, पण त्याला उलटी जोडणीच नाही."

अप्पांनी वहीकडे पाहिलं. पंधरा वर्षं! फार वाईट वाटलं त्यांना.

"म्हणजे वर चुंबकाला कामच नाही?"

"नाही कसं? सूर्यावरचे डाग, ज्वाळा, सगळी त्याचीच करामत. ताऱ्याची वाट तेवढी तो ठरवत नाही."

"हां! मग अगदीच वाया नाही गेलो," अप्पा खुलले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच चुकलेली कॉइल तशीच वाचनालयात नेली. "मंडळी, ही चूक माझी. हीच मी पंधरा वर्षं आकाशात केली," म्हणत बटण दाबलं. सुई हलली नाही. लोक खो खो हसले आणि सगळ्यांत मोठ्याने अप्पा.

घरी आल्यावर त्यांनी खिशातून दुकानातली तपासणीची चिठ्ठी काढली, दोऱ्याने वहीला बांधली आणि पेन लेकीपुढे धरलं.

"तुलाच आधी दाखवायला हवी होती गं," ते म्हणाले. "आता तपास, मग कर सही."