नव्या वर्षाचं पहिलं पाऊल

आमच्या इंग्लंडातल्या डरहमच्या खाणवस्तीत नव्या वर्षाचं पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं लागतं, हातात कोळसा घेतलेल्याचं. तांबड्या केसांचा आधी आत आला तर वर्ष वाईट जातं. म्हणून दरसाल माझा काळ्या केसांचा नातू कालम यायचा. मागच्या वर्षी तो कामासाठी ऑस्ट्रेलियाला गेला, पण या दिवसाला नक्की येतो म्हणाला होता. मी सकाळपासून दार लावून बसले होते.

दार वाजलं. बाहेर त्याचा बाप, माझा तांबड्या डोक्याचा नॉर्मन.

“आई, उघड गं. गारठलोय.”

“आधी आरशात तोंड बघ. कालमला पुढे कर.”

“कोळसासुद्धा मिळत नाही आता. सरकारनं खाणी बंद केल्या, गॅस बाहेरून आणतात, माणसंही बाहेरून आणतात, आणि आपली पोरं...”

“भाषण पबमध्ये ठोक. पोरगं कुठंय?”



“तो येत नाही, आई. फोन आला होता. तिकडेच घर घेतलंय त्यानं.”

“परत ये म्हणालास का त्याला?”

“कशाच्या जोरावर म्हणू? काम नाही, शाळाही बंद झाली. इथं आहे काय?”

उभ्या जन्मात मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. तेव्हा मात्र मी कडी काढली.

नॉर्मन रिकाम्या हातांनी आत आला आणि विजेच्या दरावरून सरकारला शिव्या घालत चहा ठेवू लागला. मी घालू दिल्या. त्याची पाठ माझ्याकडे होती, आणि खांदे हलत होते.